खड्यात पाणी कुठून आलं?

३ फेब्रुवारी, सोमवार
टिफनीने मुंबईच्या लॅबमधून तीन बाटल्या आणल्या — करंगळीएवढ्या! आत स्पिरिटात विरघळवलेलं निळं औषध. स्पिरिट हळूहळू उडालं की तळाशी खडे धरतात, खडीसाखरेसारखे. तिकडे शेजारची इमारत पाडतायत, टेबल थरथरतं. म्हणून तिच्या सरांना विचारून तीन बाटल्या इथे गावी नंदाखालला, माझ्या कपाटात. चौथी लॅबमध्येच ठेवलीय, बघू म्हणाली.

"आजी, हात लावायचा नाही. कपाट आदळायचं नाही."

म्हटलं, बाय, नाताळच्या वाईनची बरणी मी महिना महिना हलू देत नाही, मला काय शिकवतेस!

आमचे हे खाटेवरून म्हणतात, "पीएचडी नातीची, राखण आजीची." म्हणू देत. मी चौथी शिकलेली, आणि विज्ञान माझ्या लुगड्यांच्या शेजारी!

९ फेब्रुवारी
हात लावला नाही. फक्त संध्याकाळची रोझरीची प्रार्थना झाल्यावर आशीर्वादाचं पाणी शिंपडलं. मी सगळ्यावरच शिंपडते. मिक्सरवर शिंपडलेलं, सात वर्षं झाली, अजून चटणी वाटतो. शेजारच्या जागृतीचा मिक्सर दोनदा जळला. तिला म्हटलं होतं, बाटली भरून नेतेस का — हसली.

बाटल्यांच्या झाकणांना सुईची भोकं आहेत, वाफ जायला. थेंब कुठला जातोय आत!

१७ फेब्रुवारी
खडे आले!! निळे, धारदार. टिफनीने मला उचलून फिरवलं. कंबर धरली, पण मजा आली.

२६ फेब्रुवारी
पेपर पाठवायच्या आधी खड्याची सगळी मापं कॉम्प्युटरला द्यावी लागतात. तो आपला आपण तपासतो, कोणाचं तोंड बघत नाही. चुकांना अक्षरं देतो. सी म्हणजे किरकोळ. ए म्हणजे भारी चूक. टिफनीला ए आला!

म्हणे, खड्यात पोकळी सोडलीस, पण ती रिकामी नाही, आत काहीतरी आहे. तिला ते पुसट ठिपके कचरा वाटले होते. आता म्हणते, पाणीच आहे.

"पण मी पाणी घातलंच नाही, आजी! आलं कुठून?"

एकतीस मार्चच्या आत पेपर गेला नाही तर तिचा प्रबंध सहा महिने पुढे. सर म्हणाले, दोन ओळी खुलासा लिही नि दे पाठवून, सगळे तसंच करतात. ही म्हणते, कुठून आलं ते कळल्याशिवाय नाही.

मी मेथी निवडत होते. निवडलेलीच जुडी पुन्हा निवडली.

२७ फेब्रुवारी
जेवण गेलं नाही. त्या कॉम्प्युटरने माझा थेंब पकडला!

१ मार्च, शनिवार
सांगून टाकलं. चहा ठेवला नि पाठमोरीच बोलले.

टिफनीने विचारलं, "किती थेंब?"

"मी काय मोजते? रोज शिंपडते."

"रोज!"

हे म्हणाले, "मी म्हटलंच होतं, हिला राखणीला ठेवू नका." कधी म्हटलं होतं? उलट चिडवत होते!

मला रडू आलं. तर पोरगी येऊन मागून बिलगली. "आजी, तू बोलली नसतीस तर मी भलतीकडेच शोधत बसले असते. आता लॅबमधल्या बाटलीचा खडा तपासते. तिथे तर तू नव्हतीस. त्यात पाणी नसेल, तर हे तुझंच. आणि मग तसं लिहावं लागेल."

"आजीने पवित्र पाणी शिंपडलं, असं?"

"असंच." आणि हसायला लागली. मीपण. डोळे पुसत पुसत हसलो दोघी.

१४ मार्च
पाणी धरून पुन्हा मापं दिली — ए गेला! एक सी उरलाय. टिफनी म्हणते, सी चालतो. मी आनंदाने गोड सांदणं वाफवली.

आता फक्त लॅबच्या खड्याचं कळायचंय.

२० मार्च
पेपर गेला! अकरा दिवस राखून! आणि लॅबच्या खड्यातसुद्धा पाणी निघालं, तितकंच. सरांनी स्पिरिटच्या मोठ्या बाटलीचं बूच सैल ठेवलं होतं, त्या स्पिरिटनेच हवेतलं पाणी ओढलं, आणि चारही बाटल्यांत तेच स्पिरिट. माझा थेंब नव्हताच! आणि मी रविवारी फादरांपुढे पापकबुली करून आले, प्रायश्चित्ताच्या दहा नमो मरिया म्हटल्या. त्या आता सरांच्या नावे.