नऊशे फूट

११ जानेवारी १९४९, बऱ्हाणपूर
आलो एकदाचा! उतरल्या उतरल्या माव्याची जिलबी हाणली, मग तापीत डुबकी मारली. दात वाजले, पण मजा आली. पलीकडचं संस्थान विलीन झालंय, हद्दींचे नवे नकाशे हवेत, म्हणून मोजणी खात्याने मला नागपूरहून धाडलंय. माझं अक्षर मोत्यासारखं, हे मीच सांगतो. साहेब म्हणतात, तुमचा नकाशा डोळे मिटून वापरावा.

१४ जानेवारी, धूलकोट
सोजरबाई नावाच्या बोलक्या म्हातारीच्या घरी उतरलोय. संक्रांतीचा तिळगूळ मला दिला आणि थोडा मुंजासाठी काढून ठेवला. कोण मुंजा, विचारलं. म्हणाल्या, लढाईच्या दिवसांत, पाच पावसाळ्यांमागे, शिकाऊ विमान समोरच्या डोंगरावर आदळलं. दोन पोरं गेली, दोघंही बिनलग्नाची. गावाने शेंदूर लावून दगड बसवला. हाच तो डोंगर, हे मला ठाऊक नव्हतं. हातातला तिळगूळ परत वाटीत ठेवला.

१५ जानेवारी
लिहूनच टाकतो. त्या विमानांसाठी नकाशा मी काढला होता, कचेरीत बसून, डोंगर न बघता. विमानातलं यंत्र समुद्रापासूनची उंची दाखवतं. मी डोंगराची उंची पायथ्यापासूनची लिहिली, नऊशे फूट. समुद्रापासून ती एकवीसशे. ढगात पोरांनी माझ्या आकड्यावर भरवसा ठेवला. चौकशीत ठरलं, चालवणाऱ्याची चूक. त्याचे वडील कचेरीत आले, मुलाच्या वतीने हात जोडून माफी मागून गेले. मी त्यांना पाणी दिलं. बोललो काहीच नाही. लाज वाटते, फार लाज वाटते.

१७ जानेवारी
डोंगर मोजला. एकवीसशे भरला. वहीत पाहतो तर नऊशे, माझ्याच अक्षरात. खोडलं, पुन्हा लिहिलं. पुन्हा नऊशे. भर दुपारी विमानाच्या इंजिनाची घरघर. मोजणीची साखळी धरणारा भिकन म्हणाला, कुठं काय, साहेब?

१८ जानेवारी
घरघर. जेवताना, अंघोळ करताना. दर वेळी आणखी खाली. फळीवरची भांडी थरथरतात— सोजरबाईंना ते दिसत नाही.

१९ जानेवारी
सोजरबाईंना सगळं सांगितलं. वाटलं, शिव्या देतील. त्यांनी भाकरी बांधून दिली. म्हणाल्या, "मले काय सांगतो? जाय, त्याइले सांग. तो पोरगा सोताचीच चूक समजून बसला आसंन."

२० जानेवारी, डोंगरावर
दुपार. धुकं कुठून आलं— दगडापाशी बसलोय. घरघर अगदी डोक्यावर. ओरडून सांगितलं, चूक माझी, तुमची नाही—

थांबलं. एकदम.

शेजारी कुणीतरी बसलंय. पेट्रोलचा वास. कोवळा आवाज. रागावला नाही. एवढंच विचारतो, बाबांना तेव्हाच का नाही सांगितलं—

भीती वाटली, असं लिहिलं. माझ्याच हाताने खोडलं. नोकरी गेली असती— तेही खोडलं. खरंच लिहितो. त्यांनी हात जोडले तेव्हा मला— मला बरं वा