मैदानात कोणीच आले नाही

४ मार्च, सकाळ
वही, माफ कर. आठ दिवस लिहायला उशीर झाला. भूकंपाच्या तयारीत होतो. माहितीपत्रक वाचले. अर्धे कळले, उरलेले अक्कल वापरून भरले. या घरातले एकही माणूस मी हरवू देणार नाही.
नियम: हादरा बसताच टेबलाखाली. थांबला की सगळे शाळेच्या मैदानात. फोन बंद, बॅटरी वाचवायची.
ही म्हणाली, अहो, फोन बंद ठेवला तर कळवायचं कसं? म्हटलं, सगळे मैदानातच असणार, कळवतेस कोणाला?

६ मार्च
सराव. टेबलाखाली मी पहिला. बाहेर शेवटचा. चिरंजीवाने पाय धरून ओढले. सूनबाई म्हणाली, बाबा, भूकंप यायच्या आधी सांगा हं, टेबलच उचलून ठेवते. सगळे हसले. हीसुद्धा.

९ मार्च
फितुरी! संकटाच्या पिशवीतली बिस्किटे गायब. टॉर्चचे सेल टीव्हीच्या रिमोटमध्ये. चिरंजीव म्हणतो, भूकंप यायचाय बाबा, मॅच सुरू झालीये. नियमांच्या कागदामागे सूनबाईची किराण्याची यादी.

१० मार्च
शाळेच्या मैदानावरून विजेच्या तारा जातात! बरे झाले, माझे लक्ष असते. नवी जागा: बाजारामागचे मैदान. नवा कागद माझ्या कपाटात आतून चिकटवला. कुलूप घातले. आता लिहा याद्या! रविवारी सर्वांना बसवून रीतसर सांगेन.

१२ मार्च, दुपारी दीड
आला! बारा वाजता भांडी खडखडली, पंखा झुलला. ही दारातून ओरडत होती, अहो, चला ना! टेबलाखालून म्हटले, तुम्ही व्हा पुढे, मी पिशवी घेऊन आलोच. या वेळी माझा मीच बाहेर निघालो. बघायला कोणी नव्हते.
बाजारामागच्या मैदानात मी आणि दोन शेळ्या.

तीन वाजता
कोणी नाही. चाळीस वर्षांचा संसार, आणि अशी दगाबाजी. हिचे गुडघे दुखतात. हात तरी धरला असेल ना कोणी?

साडेचार
पिशवीत पाणी शोधताना कपाटाची किल्ली सापडली. नव्या जागेचा कागद कपाटातच, कुलपाआड. आणि रविवार उद्या आहे.
नियम मोडून फोन लावला. हिचा बंद. चिरंजीवाचा बंद. सूनबाईचाही. जन्मात पहिल्यांदा माझा नियम तिघांनीही पाळला.
शाळेकडे निघावे, तर तुम्ही मला शोधत इकडे यायला आणि मी तिकडे जायला एकच गाठ पडायची, चुकामूक व्हायची.
अगं, ही वही तुला कोण दाखवणार? तरी लिहितो. लवकर निरोप धाड. मी मैदानातच आहे. दुसऱ्या.