कललेल्या तारांचा काळा तुकडा

५ जानेवारी, सकाळी ११. नेवासा.
नृसिंह सर जाऊन तीन महिने झाले. लॅबमधल्या त्यांच्या कपाटात सिलिकॉनचा नखाएवढा तुकडा सापडला होता. त्यावर केसाहून शेकडो पट बारीक तारा, सगळ्या एका बाजूला कललेल्या. पडलेला प्रकाश आत जातो, परत जवळजवळ येतच नाही. त्यावरचा पेपर आज जर्नलला पाठवला. एकट्या माझ्या नावाने. केलं सरांनी, पण कल्पना बहुधा माझीच. चहाच्या वेळी बोलून गेलो असणार.

१९ फेब्रुवारी
रिव्ह्यूअर म्हणतो, दुसरं सॅम्पल बनवून दाखवा. आठवड्याचं काम.

२६ फेब्रुवारी
नव्या सॅम्पलचा मायक्रोस्कोपमधला फोटो पुण्याहून आला. तारा बाजरीसारख्या ताठ. आता सिलिकॉनची चकती ज्या ॲसिडात बुडवतो, ते बीकर तिरपं ठेवणार. सोपं आहे.

४ मार्च
बीकर तिरपं, तारा सरळ. लॅब अटेंडंट बिभीषण म्हणाला, "सर आसं कदी करत नव्हते." त्याला खडसावलं. उद्या टेबलच तिरपं करणार.

११ मार्च, दुपारी ४
टेबलाखाली विटा. तारा सरळ. सरांचा तुकडा दिव्याखाली धरला. एका बाजूने करडा चमकतो. फिरवला की काळामिट्ट, विहिरीत वाकून बघावं तसा. तेवढ्यात मागे सरांचा खोकला. बिभीषणला विचारलं, तू खोकलास का? "न्हाई. मला वाटलं फकस्त मलाच ऐकू येतो." मी असलं मानत नाही. एक्झॉस्ट फॅन असेल. फॅन बंद होता, पण असेल.

१५ मार्च
सरांच्या पत्नी इंदूवहिनी आल्या. पारनेरला भावाकडे राहायला चालल्यात. सरांची वही दिली. म्हणाल्या, "सुहासला लागेल, म्हणत होते." उघडली नाही. परीक्षेचे पेपर तपासायचे आहेत.

१८ मार्च
पेपर तपासून झाले. वही उघडली. बीकर तिरपं करायचंच नव्हतं. सरांनी वेगळ्या दिशेने कापलेली चकती घेतली होती. तार स्फटिकाच्या कलाने जाते. पुढे आमच्या पेपरचा कच्चा मसुदा. लेखक: सुहास, नृसिंह. तारीख ते दवाखान्यात होते तेव्हाची. मी भेटायला गेलो नव्हतो. रजा शिल्लक होती.

२० मार्च
वहिनींना सांगायला सव्वा पान लिहून काढलं आणि फोन लावला. पहिल्याच वाक्याला त्या म्हणाल्या, "ठाऊक आहे. बिभीषणाने जानेवारीतच सांगितलं. पण वही तुम्हालाच द्यायची, असं ते बजावून गेले होते. दिली." त्यांनी फोन ठेवला.
पेपर मागे घेण्याचा मेल चार ओळींत झाला. सव्वा पान कोणाला वाचून दाखवायचं, कळत नाही.