बिनसायलेन्सरची फटफटी

८ जानेवारी १९३९, बुलढाणा

अखेर फटफटी दारात उभी राहिली! बांधकाम खात्यातला एक गोरा साहेब बदलून गेला, जाताना विकून गेला. इथल्या वकिलांत फटफटीवाला मी पहिलाच. बाकीचे सायकलवर किंवा पायी कोर्टात जातात. त्यांची प्रॅक्टिस चालते हे खरं, पण ती आज. उद्याचा जमाना स्पीडचा आहे.

दोन ठराव. रोज पहाटे उठून मशीन पुसायची. आणि पावसाळ्याच्या आत आबांना धाड गावाहून कायमचं इथे राहायला आणायचं. आई गेल्यापासून ते एकटे आहेत. आमचा जुना गडी तुळशीराम भाकरी थापतो, ती खातात. वकिलाच्या बापाला हे शोभत नाही.

१० जानेवारी

पहाटे उठलो नाही. थंडी फार आहे. मशीनवर फारशी धूळही नव्हती.

१७ जानेवारी

आज सायलेन्सर काढून टाकला. त्याला शास्त्रीय कारण आहे. काल बाजारात वांग्यांची पाटी घेऊन एक बाई ऐन चाकापुढे आली. तिला आवाजच आला नव्हता. म्हणजे मुक्या फटफटीमुळे अपघात होतो. आवाज लांबूनच गेला तर माणसं-जनावरं आपोआप बाजूला होतील. सायलेन्सर म्हणजे वकिलाच्या तोंडात कोंबलेला बोळा.

आवाज अप्रतिम. कोर्टाच्या आवारात शिरलो तर साक्षीदार उठून उभे राहिले.

२ फेब्रुवारी

प्रॅक्टिसवर परिणाम दिसू लागला. संध्याकाळी घरी आलो तर ओट्यावर माणसंच माणसं. कोकिळेला म्हणालो, पक्षकारांना पाणी दे. ती म्हणाली, "अहो, पक्षकार कायचे? तुमच्या फटफटीले भिऊन वर चढले ते लोक."

बायकोची साथ असावी लागते. ती वरवट बकालची. तिथे अजून बैलगाडीचा जमाना आहे.

९ फेब्रुवारी

शेजारचे अब्दुल गनी आले होते. कापडाचे दुकानदार, म्युनिसिपल कमिटीचे मेंबर, बोलायला गोड. म्हणाले, "वकीलसाहब, अम्मी बिछान्यावरून उठत नाही. तुमची गाडी सुरू झाली का तिचं काळीज धडधडते. गल्लीतून तेवढी ढकलत नेत जा ना."

मी त्यांना आवाज आणि सेफ्टीचं तत्त्व इंग्रजीत समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमचं इंग्रजी बराबर असन. पन अम्मी उर्दूत घाबरते."

तरी माणुसकी म्हणून उद्यापासून गल्लीत ढकलत नेणार.

१० फेब्रुवारी

ढकलून पाहिली. फार जड आहे.

२१ फेब्रुवारी

पोस्टाच्या वळणावर खडी होती. मी पडलो असं म्हणता येणार नाही. मी खाली उतरलो, मशीन पुढे चालत राहिली. गुडघा सोलला, टोपी नाल्यात गेली. कोकिळा म्हणाली, निदान हळू चालवा, डोक्याला जाड मुंडासं तरी बांधा. मुंडासं बांधून फटफटी? लोक हसतील.

६ मार्च

गनींनी कमिटीत ठराव मांडला. बिनसायलेन्सरची गाडी गावात चालवू नये, दवाखाना आणि शाळेजवळ तर मुळीच नाही. मला मत मांडायला बोलावलं होतं. मी सविस्तर बोललो. लग्नातला बँड बंद करणार का? शिमग्याची बोंब बंद करणार का? मग प्रगतीच्या आवाजावरच दात का?

गनी एवढंच म्हणाले, "बँडवाल्याले थांब म्हटलं तं थांबते. वकीलसाहब आईकू येतात तवा निंगून गेलेले असतात."

लोक हसले. ठराव पुढच्या बैठकीवर गेला. नैतिक विजय माझा. म्हणे दिल्लीहूनही मोटारींचा नवा कायदा येतो आहे. येऊ दे. कायदा वाचणारे आम्हीच.

१८ मार्च

आबांचा निरोप आला. हो म्हणाले! मोटारलॉरीत त्यांना उलट्या होतात, म्हणून तुळशीराम गाडी जुंपून आणणार. पुढच्या रविवारी. कोकिळेने मागची खोली सारवली, बाज आवळून घेतली. तिचा आनंद पाहून बरं वाटलं. हिचा बाप लहानपणीच गेलेला.

मी फटफटी घेऊन सामोरा जाणार. पुंजाजींचा मुलगा काय झाला ते रस्त्याने साऱ्यांना कळू दे.

कोकिळा म्हणाली, "मामंजीले घ्याले जाता तं सायकलनं जा. बैल बिचकतीन."

बैल आमचे आहेत. मला ओळखतात.

२६ मार्च, दवाखाना

धाडच्या रस्त्यावरच्या पुलाच्या उतारावर आबांची गाडी समोरून आली. मी हात केला. सलामी म्हणून थोडा आवाज वाढवला. थोडाच.

बैल उधळले. चाक कठड्याला लागलं. आबा खाली.

मागून धाडच्या बाजारातून माल घेऊन गनी लॉरीतून येत होते. त्यांनीच कापडाच्या गठ्ठ्यांवर आबांना निजवून इथे आणलं. मी मागे मागे आलो. मशीनला काही झालेलं नाही.

२७ मार्च

डॉक्टर म्हणतात खुबा मोडला. या वयात हाड जुळेल याचा भरवसा नाही. आबा विव्हळत नाहीत. मी गेलो तर म्हणाले, "जेवला का बे किसना?"

विचार केला तेव्हा कारणं स्पष्ट झाली. उतार फार आहे. कठडा नीट बांधलेला नाही. बैलांना यंत्रयुगाची सवयच लावलेली नाही. तुळशीरामने कासरा घट्ट धरायला हवा होता.

२९ मार्च

पोलिसांनी माझा जबाब घेतला. भरधाव आणि निष्काळजीपणे वाहन चालवून जबर दुखापत. मी! शिक्षा झाली तर सनदेवर येईल. कोकिळेला सांगितलं. ती दवाखान्यात न्यायला डबा भरत होती. भरत राहिली.

गनींची आई नूरबी हिने आबांसाठी शिरा करवून पाठवला. आबांनी दोन घास खाल्ले.

१ एप्रिल

आज हवालदार आबांचा जबाब घ्यायला आला. आधी मी त्यांच्याजवळ बसलो होतो. काहीच सुचवलं नाही. खटला झाला तर सनद जाईल, एवढं बोललो. माहिती म्हणून.

आबा मग हवालदाराला म्हणाले, "फटफटीचं काई नाही. बैलाले गांधीलमाशा चावल्या. त्याच्यानं उधळले."

गांधीलमाशा!

मला तेव्हाच वाटलं होतं. माझ्याही कानाजवळून एक गेली होती बहुतेक.

३ एप्रिल

आठवून पाहिलं. एक नव्हे, बऱ्याच होत्या. अख्खं पोळं उठलं असणार. माझा आवाज झाला म्हणून उलट त्या पांगल्या, नाहीतर आबांना चावल्या असत्या.

९ एप्रिल

पुरावा म्हणून पोळं पाहायला पुलावर जाऊन आलो. तिथे झाड नाही. म्हणजे पोळं जमिनीत असणार. काही गांधीलमाशा जमिनीत राहतात.

तुळशीराम भेटला. त्याला विचारलं, माशा पाहिल्यास ना? म्हणाला, "बुवा म्हनतात तं असतीन. मी खाली पाहत होतो."

६ मे

आबांना घरी आणलं. मागच्या खोलीत बाजेवर असतात. उठता येत नाही. कोकिळा त्यांचं सगळं करते. माझ्याशी कामापुरतं बोलते. पावसाळ्याच्या आत आबांना आणायचा ठराव मात्र पुरा झाला.

१९ जून

खटला उभा राहिला. आबांना खुर्चीसकट उचलून आत नेलं. त्यांच्याबद्दल लिहिलं पाहिजे. धाडच्या आसपास बांध कुणाचा, विहीर कुणाची, याचा तंटा कोर्टात जात नाही. लोक पुंजाजीबुवांकडे येतात. बुवा सांगतील तो बांध. आईच्या सख्ख्या भावाविरुद्धही त्यांनी एकदा सांगितलं होतं, आणि मामाने ते ऐकलं होतं.

शपथ घेताना आबांचा आवाज बसला. कारकुनाने पुन्हा म्हणायला लावली. पुन्हा म्हणाले.

सरकारी वकिलाने विचारलं, "बुवा, तुम्हाला एकही माशी कशी चावली नाही?"

"मले नाही चावली. बैलाले चावल्या."

"तुम्ही डोळ्यांनी पाहिल्या?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "हाव. पाह्यल्या."

मग गनी. मला वाटलं, आता हा डाव साधणार. त्यांना विचारलं, माशा होत्या का? गनी म्हणाले, "मी मांगून आलो, साहेब. मले नाही दिसल्या. पन पुंजाजीबुवा शपतीवर सांगतात तं मी कोन नाही म्हनणारा? त्यांचा शबद या मुलखात कोनी मोडत नाही."

निर्दोष!

पेढे आणले. कोकिळेने पुडा तसाच ठेवला. आबांपुढे धरला तर म्हणाले, "तोंड कडू हाय."

दुपारच्या औषधाने झालं असेल.

२१ जून

आबा धाडला जायचं म्हणतात. मी समजावलं. इथे डॉक्टर आहे, खोली आहे, सून आहे. शेवटी विचारलं, माझं काही चुकलं का?

म्हणाले, "तुहं काई नाही. अठी जो येते तो मले हात जोडते. मले ते सहन होत नाही."

काय सहन होत नाही ते नीट कळलं नाही. वय झालं.

२४ जून

आबा गेले. गनींनी लॉरीत गाद्या घालून दिल्या. मी सोबत निघालो तर म्हणाले, तू ऱ्हाय, कोर्ट असन तुह्यं. कोकिळा मात्र बरोबर गेली. कधी येणार ते बोलली नाही.

३ जुलै

कमिटीत सायलेन्सरचा ठराव पास झाला. विरोधात कुणीच बोललं नाही. मी हजर नव्हतो. डोकं दुखत होतं. वकिलाने कायद्याचा मान राखावा म्हणून सायलेन्सर बसवून घेतला.

१४ सप्टेंबर

विलायतेत लढाई सुरू झाली. पेट्रोल महाग होणार म्हणतात. फटफटी गोणपाटाने झाकून ठेवली. पेट्रोलमुळेच. सायकल घेण्याचा विचार आहे.

१९ नोव्हेंबर, धाड

दिवाळीत कोकिळा आली नाही, म्हणून मीच लॉरीने आलो. आबा ओसरीवर बाजेवर बसवलेले होते. खूप वाळले आहेत. कोकिळा त्यांचे पाय चेपत होती. मला पाहून उठली, पाणी आणून दिलं.

तेवढ्यात गावातला निवृत्ती आणि त्याचा धाकटा भाऊ आले. दोघांत बांधावरून जुंपली आहे. परवा कुऱ्हाडी निघाल्या होत्या. मागोमाग बरीच माणसं आली. निवृत्ती आबांच्या पायाशी बसून म्हणाला, "बुवा, आमच्या बापानं वाटनी केली तवा तुमी होते. बांधावरची बाभूय कोठी होती तेवढं सांगा. तुमी म्हनसान ते दोघायलेबी कबूल."

आबा म्हणाले, "मले इचारू नका."

"असं काऊन करता बुवा? तुमच्याबिगर कोनाले ठाऊक हाय?"

आबा म्हणाले, "दुसऱ्या कोनाले इचारा. माह्या सांगन्यावर जाऊ नका."

कुणाला काही समजेना. निवृत्तीच्या भावाने माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं. म्हणाले, वकीलसाहेब, तुमीच सांगा, बुवाले काय झालं?

कोकिळाही माझ्याकडे पाहत होती.

मी म्हणालो, वय झालं. पडल्यापासून त्यांना जुनं आठवत नाही.

आबांनी मान वर केली. माझ्याकडे नाही, त्या दोघा भावांकडे पाहिलं. म्हणाले, "हाव बाप्पा. किसना म्हनते ते खरं हाय. मले काई आठवत नाही."