काचेवर घातलेलं नाव

आप्पा,

आज आमच्या गच्चीवर सोलरची पॅनलं बसवायला माणसं आलीत, आणि सकाळपासून मला तुमचा राग येतोय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, मी नोकरीतून निवृत्त होऊन आता माझे गुडघेही बोलायला लागले, तरी हा राग काही म्हातारा होत नाही. त्या माणसांपैकी एकानं खिशातून मार्कर काढला आणि पॅनलच्या काचेवर कसलासा नंबर टाकायला वाकला. मी खुर्चीवरून ओरडले, "काचेला हात लावू नका." तो म्हणाला, "मॅडम, पुसलं जातं ते." पुसलं जातं हे मलाही कळतं, पण मला तिथं बसवेना. मग खाली येऊन बसले आणि म्हटलं, एकदाचं तुमच्याशी भांडून घ्यावं.

ती मॅटाडोर तुम्हाला आठवत असेलच. नव्वदीतली ती मधली वर्षं. नगरच्या ज्या संस्थेत मी नर्स होते तिनं कुठूनशी एक जुनी गाडी मिळवून तिचा फिरता दवाखाना करायचं ठरवलं. दिवाळीनंतर आपल्या पाथर्डीकडची माणसं ऊसतोडीला निघाली की त्यांच्या मागोमाग कारखान्याच्या तळावर जायचं आणि हंगाम संपेपर्यंत गाडीतच राहायचं. आत एका बाजूला झोपायचं बाकडं, त्याखाली दोन बॅटऱ्या, मागे रॉकेलचा स्टोव्ह, एक पडदा, आणि लसी ठेवायला छोटा फ्रिज. आदल्या हंगामात तळावर गोवर आला होता. ओळीनं तीन कोप्यांतली, पाचटाच्या झोपड्यांतली, लेकरं तापानं फणफणली आणि त्यातलं एक माझ्या मांडीवर गेलं. लस तालुक्याला होती, पण बर्फाच्या डब्यातून तळावर पोचेपर्यंत बर्फाचं पाणी व्हायचं. म्हणून तो फ्रिज, आणि त्या फ्रिजसाठी छतावर दोन सोलर पॅनलं. तालुक्याच्या डॉक्टरसाहेबांनी बजावलं होतं की सोमवारी येऊन ते स्वतः थर्मामीटर बघणार. फ्रिज गार राहिला तरच लस गाडीत ठेवायला देणार, नाहीतर गाडी रिकामीच जाईल. हे सगळं तुम्हाला माहीत होतं. जेवताना, चहा पिताना, दहा वेळा सांगितलं होतं मी.

आणि पॅनलं बसवताना काय छळ झाला तोही तुम्ही बघितला होता, कारण गाडी तुमच्याच दुकानासमोर उभी होती. दुकान कसलं, भांडेगल्लीच्या तोंडाशी एक टेबल, वर छत्री, आणि भांड्यांवर नाव घालायचं तुमचं ते टरटर वाजणारं मशीन. वेल्डिंगवाला तुमच्यापासून दोन दुकानं सोडून, म्हणून गाडी तिथं. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "उद्या करू." दुसऱ्या दिवशी लाईट नव्हती. तिसऱ्या दिवशी त्यानं लोखंडी चौकट केली ती छतापेक्षा वीतभर लांब, आणि टेप माझ्याच हातात होता म्हणून चूक माझी. चौथ्या दिवशी तो छताला भोकं पाडायला निघाला तेव्हा तुम्ही टेबलावरून उठून आलात. "भोक पाडू नको, अवकाळी आला तर पोरगी आत भिजंल. कडंच्या पन्हाळीला पट्ट्या धरून आवळ." तुमचं बरोबर होतं, आणि त्यामुळे मला आणखीच चीड आली. त्यानंतर तर तुम्ही कामाचे मुकादमच झालात. घागर घेऊन आलेल्या प्रत्येक बाईला घागर तशीच ठेवून गाडीभोवती फिरवून आणायचात. "ही आमच्या पोरीची उन्हावर चालनारी गाडी," असं सांगायचात. गाडी उन्हावर चालत नाही, फ्रिज चालतो, हे मी तुम्हाला किती वेळा समजावलं. आईनं तर वर मिरच्या वाळत घालू का विचारलं, एवढी सपाट, स्वच्छ जागा वाया कशाला घालवायची म्हणून.

शनिवारी दुपारी एकदाचं जमलं. पुण्याहून आलेला सोलरचा माणूस वायरी जोडून, काटा हलतो हे मला दाखवून, एसटीनं परत गेला. मी फ्रिजला हात लावून बघितला, आत गार लागत होतं. चार दिवसांत पहिल्यांदा पोटात भूक आहे असं वाटलं, म्हणून घरी गेले. आईनं बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची आमटी वाढली. अर्ध्या तासात परत येते, तर गाडीला शिडी लावलेली, तुमच्या टेबलापासून छतापर्यंत लांब वायर गेलेली, आणि वर तुम्ही उकिडवे बसून पॅनलवर वाकलेले. ती टरटर मला कोपऱ्यावरूनच ऐकू आली. ती ऐकतच मी मोठी झाले होते, पण त्या दिवशी मी धावत सुटले.

आता मी हे कुणाला सांगितलं तर बाहेरचं माणूस हसेल. पण आपल्याकडे कुठलं भांडं नावाशिवाय घरात येतं? लग्नाकार्याला शेजाऱ्यांची पातेली, पराती, तांबे एकत्र होतात, आणि दुसऱ्या दिवशी नाव वाचून ज्याचं त्याला परत जातं. त्या नावांवरच तुमची सगळी हयात गेली. सौ. कुठं लिहायचं, चि. कुठं, कै. कुठं, अमक्याकडून तमक्यास सप्रेम भेट किती जागेत बसतं, हे तुमच्याइतकं कुणाला येत नव्हतं. स्टील, पितळ, जर्मन, कशावर सुई किती दाबायची हे तुमचा हात आपोआप जाणायचा. पण काच, आप्पा? काचेवर तुम्ही कधी सुई टेकवली होती? मी खालून हाक मारली तेव्हा तुम्ही मान वर न करता म्हणालात, "थांब, झालंच." आणि आवाज आला. मोठा नव्हता. शेंगदाणे भाजताना तव्यावर तडतडावेत तसा. माझ्या डोळ्यांसमोर त्या सबंध पॅनलवर बारीक बारीक जाळं पसरलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक टीचभर जागा शिल्लक राहिली नाही.

तुम्ही मशीन बंद केलंत. शिडीवरून उतरताना तुमची चप्पल सटकली, वेल्डिंगवाल्यानं धरलं. गल्लीतली सगळी माणसं बाहेर आली होती. मी त्यांच्यासमोर म्हणाले, "तुम्हाला आयुष्यभर दुसऱ्यांच्या वस्तूंवर ओरखडे काढायचीच सवय लागलीय." त्यावर तुम्ही एवढंच बोललात, "नाव नसलेली वस्तू परत येत न्हाई गं. तळावर कोन कुठला, कुनी उचलून नेलं तर..." मी म्हणाले, "आता न्या म्हणावं. आता कोण नेतंय." तुम्ही वायर गुंडाळायला लागलात. कोपरापासून अंगठ्यापर्यंत, कोपरापासून अंगठ्यापर्यंत, नेहमीसारखी नीट, आणि त्या नीटपणाचाही मला संताप आला.

मी घरी येऊन आईवर ओरडले, कारण दुसरं कुणी हाताशी नव्हतं. ती चुलीपुढे बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चार दिस झालं त्यांच्या डोक्यात तेच हुतं. म्हनत हुते, गाडीच्या एका अंगाला संस्थेचं नाव, दुसऱ्या अंगाला पैसं देनाऱ्याचं, मागं अध्यक्षाचं. जी पोरगी त्या गाडीत सहा म्हैनं ऱ्हानार, तिचं नाव कुठंच न्हाई. म्हनलं, अवो असतंय तसं. तर म्हनले, आमच्या लहानपनी गावात आमच्या भांड्याला नाव लागतच नव्हतं, ते बाहेर वेगळं ठिवलेलं असायचं. पोरीच्या वस्तूला तरी नाव असू दे." खरं सांगायचं तर मला तेव्हा रडूही आलं नाही, नुसता वैताग आला. असली कारणं माणसाला भांडूही देत नाहीत. सोमवार दोन दिवसांवर आला होता, आणि माझ्यासमोर ते मांडीवरचं लेकरू होतं. त्याची आई मला काय म्हणाली ते मला अजून सांगवत नाही.

संध्याकाळी मी एसटीडी बूथवरून पुण्याला फोन लावला. सोलरचा माणूस आधी विश्वासच ठेवेना. "नाव? काचेवर? कशानं?" मग म्हणाला, काच तडकली तरी आतल्या चकत्या शाबूत असतील तर वीज येत राहते, फक्त पाणी शिरू देऊ नका, वरून पारदर्शक वार्निशचे दोन हात मारा. मी ड्रायव्हरमामांना सांगून गाडी तिथून काढली आणि तालुक्याच्या दवाखान्याच्या आवारात नेऊन लावली, आणि मीही तिथेच राहिले. रविवारी सकाळी साडीचा पदर खोचून मी स्वतः छतावर चढले. ब्रश फिरवताना तुमची अक्षरं हाताखाली आली. माझ्या नावाच्या आधी तुम्ही 'सिस्टर' घातलं होतंत. हुद्दा आधी, नाव नंतर, तुमची पद्धतच ती. 'सिस्टर' पुरं झालं होतं, ठसठशीत, एका रेषेत; माझ्या नावाच्या पहिल्या अक्षराला सुई जास्त दाबली गेली असणार, कारण ते अर्धंच होतं आणि जाळं तिथूनच सुटलं होतं. मी त्याच्यावरून वार्निश मारलं.

सोमवारी डॉक्टरसाहेब आले. त्यांनी झाकण उघडलं, थर्मामीटर डोळ्यांपाशी नेला, पुन्हा ठेवला, अर्ध्या तासानं पुन्हा बघितला. "पाच. चांगलं आहे," म्हणाले आणि सही केली. छतावर त्यांनी बघितलंच नाही. त्याच दिवशी लसींचे डबे भरून आम्ही निघालो. निघताना गाडी तुमच्या टेबलासमोरून नेली, पण तुम्ही नव्हता. आई म्हणाली, शनिवारीच जामखेडला आत्याकडे गेल्यात, बाकी कुणाला न सांगता. ते पॅनल त्या हंगामात चाललं. पुढच्याही चाललं. पाच हंगाम चाललं, आप्पा. गोवर तळावर नंतरही यायचा, पण आम्ही लस टोचलेल्या लेकरांतून तो कुणाला घेऊन गेला नाही.

त्या हंगामानंतर पाडव्याला मी घरी आले तेव्हा तुम्ही जेवताना ताटाकडे बघत विचारलंत, "त्या काचेचं काय झालं?" मी म्हणाले, "टाकून दिली. संस्थेनं दुसरी दिली." आईलाही तेच सांगितलं. त्यानंतर गाडी मी तुमच्या दुकानासमोर कधी लावली नाही, वेशीपाशी लावून चालत यायची. तुमच्या लक्षात आलं असेल, पण तुम्ही विचारलं नाहीत. वेल्डिंगवाल्यानं मात्र मला सांगितलं होतं की हल्ली तुम्ही गिऱ्हाइकाला आधीच बजावता, "फुटलं तर मी जबाबदार न्हाई." स्टीलच्या घागरी घेऊन आलेल्या बायका हसायच्या म्हणे, घागर कुठं फुटते का. मीही हसले होते. मग घरी येऊन तुम्हाला काही सांगायचं ठरवलं, आणि तुम्ही त्याच दिवशी माझ्या छत्रीच्या दांडीवर न विचारता नाव घालून ठेवलं होतंत, त्यामुळे मी पुन्हा चिडले आणि ते राहून गेलं.

शेवटी तुम्हाला नगरच्या दवाखान्यात ठेवलं होतं. दुपारची वेळ, मी चमच्यानं तुम्हाला डाळीचं पाणी पाजत होते. तुम्ही मध्येच चमचा हातानं बाजूला केलात आणि विचारलंत, "माझ्यापायी कुनाच्या लेकराची लस हुकली का गं तवा?" त्या पाडव्याला तुम्ही फक्त काचेचं विचारलंत असं मला एवढी वर्षं वाटत होतं. एका शब्दात उत्तर होतं माझ्याकडे. पण शेजारच्या खाटेवरची माणसं ऐकत होती, नर्सबाई ताप बघायला आली होती, आणि मला एकदम वाटलं की आता खरं सांगितलं तर इतकी वर्षं खोटं का बोललीस हे तुम्ही विचाराल. मी म्हणाले, "ते सोडा आता, प्या." तुम्ही प्यालात. चौथ्या दिवशी गेलात.

वरची माणसं खाली उतरली, चहा द्यायला हवा. हा कागद पाठवायचा कुठे, म्हणून तो घडी करून कपाटात ठेवीन आणि लेकीला सापडला तर तिलाही काही बोलणार नाही. तुमचा राग येतो असं मी वर लिहिलंय, तेही पुरतं खरं नाही. एकही लस हुकली नव्हती, आप्पा. हे मला त्या सोमवारीच माहीत होतं, आणि आपल्यापायी काहीतरी बिघडलं असं तुम्हाला थोडे दिवस वाटत राहावं, असं मला वाटलं होतं. थोडेच दिवस.