सुट्या भागांचे कपाट कोणाकडे जावे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, धंदा जुनी भारी घड्याळे दुरुस्त करण्याचा, असे लिहून ठेवते की माझी बुद्धी ठिकाणावर आहे. हात थोडे कापतात आणि डोळे अधू झाले आहेत, पण डोक्याची तक्रार नाही. हे मी कोणाच्या धाकाने लिहीत नाही. मला धाक घालू शकणारे सगळे माझ्याआधीच गेले. वकीलबाईंनी चांगला मसुदा करून दिला होता. त्यात घड्याळांबद्दल अवाक्षर नव्हते, म्हणून तो समोर ठेवून मीच पुन्हा लिहायला बसले आहे.

१. दुकानावरच्या माझ्या दोन खोल्या, भांडीकुंडी आणि खिडकीजवळच्या आरामखुर्चीसह, माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला मिळाव्यात. खुर्चीचा एक पाय डुगडुगतो. तो तिने सुताराला दाखवावा, स्वतः ठोकत बसू नये.

२. बँकेतल्या ठेवीतून आधी माझा अंत्यविधी व्हावा, साधा. उरेल त्यातून भाचीने घड्याळदुरुस्तीचे रीतसर शिक्षण घ्यावे. गेल्या वर्षभरात मी शिकवले ते पुरेसे आहे असे ती म्हणेल. ऐकू नये.

३. सुट्या भागांचे कपाट. हे कलम लांबेल, वकीलबाईंनी राग मानू नये.

कपाट वडिलांनी जमवायला घेतले आणि मी भरत आणले. बंद पडलेल्या कारखान्यांचा, म्हाताऱ्या कारागिरांचा माल आम्ही जिथे मिळेल तिथून आणला. त्यात चाव्या, काटे, तबकड्या, चाके, दांडे आहेत. वरच्या खणांत घड्याळ बनले त्याच काळातले भाग, मधल्यात कंपनीनेच पण पुढे कधीतरी बनवलेले, आणि खालच्यात बाहेरच्यांनी बनवलेले. खालचा भाग बसवायला माझी ना नाही. कधी कधी दुसरा इलाजच नसतो. पण गिऱ्हाइकाला तसे तोंडावर सांगावे.

याच कपाटावरून घर फुटले. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा एक व्यापारी आला, त्याला आम्ही मिशीवाला म्हणायचो. त्याला सगळे कपाट एकदम हवे होते. या घड्याळाची तबकडी, त्या घड्याळाचे यंत्र, तिसऱ्याचे काटे जुळवायचे आणि 'कारखान्यातून आले तसेच' म्हणून विकायचे, असा त्याचा उद्योग. धाकटा म्हणाला, "ताई, देऊन टाकू. सुटे भागच तर आहेत." मी म्हणाले, "तुला घड्याळं दुरुस्त करायचीत की रंगवून खपवायचीत?" तो शब्द त्याला लागला. तो घराबाहेर पडला आणि समोरच्याच फुटपाथवर दुकान टाकले. पाटीवर 'अस्सल' हा शब्द माझ्या पाटीवरच्यापेक्षा मोठा काढला. त्यानंतर आम्ही एकमेकांना रोज बघत होतो आणि बोलत नव्हतो.

गेल्या वर्षी भाची रस्ता ओलांडून आत आली. लहानपणी ती खिडकीतून मला हात करायची, तेवढीच आमची ओळख. आता बापाच्या हाताखाली काम करायची. म्हणाली, "आत्या, बाबांना न सांगता आलेय. हे बघ ना."

एका व्हायोलिन वाजवणाऱ्या बाईंचे, आईकडून आलेले सोन्याचे मनगटी घड्याळ होते. पडून आतल्या डोलणाऱ्या चाकाचा दांडा मोडला होता. कंपनीने हात वर केले होते. धाकटा जुने यंत्र काढून बॅटरीचे बसवणार होता. बाई 'बरं' म्हणाल्या आणि बाहेर जाऊन पायरीवर रडल्या, ते भाचीने पाहिले.

चाकाखाली कोरलेला यंत्राचा नंबर तिने वाचला. मी वरचा खण उघडून त्या नंबरची पुडी काढली. "घे. हाच."

तिने भिंग लावले आणि दांडा चिमट्यात धरून फिरवून पाहिला. मग म्हणाली, "नंबर तोच आहे गं, पण दांडा हा नाही. याचं टोक जाड आहे. ज्या खड्यात ते टेकून फिरतं त्याच्या भोकात जाणार नाही."

"मी कपाट लावलं तेव्हा तू जन्मलीही नव्हतीस."

"नव्हते. पण टोक जाडच आहे."

मला राग आला. मी भिंग ओढून घेतले, पण मला नुसते धुके दिसत होते. नंबर न बदलता कंपनीने मध्येच दांडा बदलला असणार, हे मला सुचायला हवे होते. त्या नंबरच्या आणखी पुड्या होत्या. पण त्यांतला नेमका कोणता, हे ठरवायला माप हवे, आणि मापासाठी मोडलेला दांडा.

"तो बाबांकडे आहे," ती म्हणाली.

आम्ही दोघी समोर बघत राहिलो. तिकडून धाकटाही बघत होता. काय झाले ते त्याला कळले असावे. तो आत गेला, शटर अर्धे ओढले आणि रस्ता ओलांडून आला. हातात कागदाची घडी होती. उंबऱ्याशी थांबून म्हणाला, "ताई, टाकून द्यायचा होता, पण हात होईना. मोडका असला तरी माप देईल."

मी म्हणाले, "आत ये. दारात उभा राहून उजेड अडवू नकोस."

तिघे वाकून बसलो. तो मापे घ्यायचा, ती पुड्या उघडायची, मी कुठली पुडी कुठून आणली ते आठवायची. बारीक टोकाचा दांडा त्याच खणातल्या अगदी तळाच्या पुडीत निघाला. भाचीने तो बसवला. चाक आधी हलेना. धाकट्याने नुसती फुंकर घातली आणि ते डोलू लागले. बाई घड्याळ न्यायला आल्या तेव्हा कानाला लावून उभ्याच राहिल्या.

तर कपाट, भिंगे, चिमटे आणि लेथ, सगळे भाचीचे. पुडीवरच्या नंबरापेक्षा तिने आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवला, म्हणून. मिशीवाला किंवा त्याचे कोणी वारस आले तर त्यांना पाणी द्यावे, कपाट उघडू नये.

४. धाकटा घर सोडून गेल्यावर खालचे दुकान वडिलांनी माझ्या एकटीच्या नावे केले. ते धाकट्याला मिळावे.

५. कलम चार रद्द समजावे. कारण असे की काल त्याला हे वाचून दाखवले. साक्षीदार म्हणून सही करशील का विचारले, तर वकीलबाई मध्येच म्हणाल्या, ज्याला काही मिळणार त्याने साक्ष न केलेली बरी.

तो म्हणाला, "मग दुकान पोरीच्या नावे कर."

"अरे, दुकान आहे, चेष्टा नाही."

"वडिलांच्या कागदावर सही करायला मी घरात नव्हतो, ताई. तुझ्या कागदावर करू दे."

तेव्हा दुकानही भाचीला. मला जे सांगायचे होते ते संपले. हे लेखन दोन साक्षीदारांदेखत वाचून, समजून, खुशीने सही करते.

ठिकाण: दुकानाची माडी
दिनांक: आजचा मंगळवार, दुकान बंद ठेवून

सही: घड्याळवाली ताई

साक्षीदार:
१. शेजारचे चष्मेवाले
२. घड्याळवाल्या ताईचा सख्खा धाकटा भाऊ, घड्याळजी