काकांच्या मागे लागलेला दिवा

लास ब्रेआस, रिओ उर्तादो
८ डिसेंबर २०२५

चि. यास्ना हिस मावशीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आधी एका प्रश्नाचं उत्तर दे, मग खुशाली. अंधारात आपण चालायला लागलो की चंद्र बरोबर चालतो, थांबलो की थांबतो, वळणाआड गेलो तर छपरामागून पुन्हा डोकावतो. हे असं का? तू आणि तुझा भाऊ लहानपणी यावरून भांडायचात. चंद्र तुझ्यामागे येतो की त्याच्यामागे, याचा निकाल लावताना माझ्या चिजाची एक अख्खी वडी तुम्ही फस्त केली होतीत. चंद्राचं आम्ही चालवून घेतलं, पण आता तुझ्या काकांच्या मागे भलतंच काहीतरी लागलं आहे.

डिसेंबर लागला, आपला उन्हाळा सुरू झाला, म्हणून दरवर्षीप्रमाणे ते शेळ्या घेऊन डोंगरावरच्या उन्हाळी कुरणाकडे निघाले. अंधार पडता पडता पूर्वेच्या कड्यावर त्यांना एक दिवा दिसला. घटकेत लाल, घटकेत हिरवा, मग पांढरा. काका चालले की तो चालायचा, काका थांबले की तोही थांबायचा. काकांनी शिव्या घातल्या तरी हलेना. शेवटी सगळा कळप वळवून ते माघारी आले आणि दाराला आतून कडी लावून बसले.

हे सगळं दुकानातल्या टीव्हीचं पाप. त्यावर सांगतात की परक्या सूर्याकडून कुणी पाहुणा येतो आहे, आणि एक विद्वान म्हणतो की ते यानसुद्धा असू शकेल. त्यात हा पाहुणा जगात सर्वांत आधी दिसला तो आपल्याच खोऱ्यातल्या दुर्बिणीला! काकांचं म्हणणं, आपल्याकडची रीत काय? वाटेवरचा पाहुणा ज्याला आधी दिसेल त्याने चहाचं आधण ठेवायचं. म्हणजे तो येणार तो आपल्याकडेच. मी म्हटलं, मग येऊ दे, भाकरी भाजून ठेवते. तर म्हणाले, उबेर्लिंदा, तुला थट्टा सुचते, त्याला शेळ्या आवडल्या तर?

थट्टा आता मलाही सुचेनाशी झाली आहे. इथे खाली गवताची काडी उरलेली नाही. नाताळपर्यंत जो वर पोहोचत नाही त्याचा कुरणातला वाटा मागून येणाऱ्याला मिळतो, हे तुला ठाऊकच आहे. शेजारचा रेमिहिओ रोज सकाळी कुंपणावरून काकांच्या तब्येतीची चौकशी करतो. इतकी माया त्याने सख्ख्या आईवर केली नाही. वाटा गेला तर कळप विकावा लागेल. तू तारे शिकलीस, वेधशाळेत पर्यटकांना आकाश दाखवतेस, काहीतरी लिही. पत्र बसच्या ड्रायव्हरकडेच दे. इथे फोनला रेंज येत नाही.

आठवण काढतेस तशीच काढत राहा.
तुझी मावशी,
उबेर्लिंदा


विकून्या
११ डिसेंबर २०२५

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र पोहोचले. विषय गंभीर असल्यामुळे मी क्रमाने लिहिते. काकांना सावकाश वाचून दाखव.

प्रथम पाहुण्याविषयी. तो धूमकेतू आहे, म्हणजे बर्फ आणि धूळ यांचा गोळा. सूर्यमालेबाहेरून आलेला असा हा आपल्याला माहीत असलेला केवळ तिसरा प्रवासी. ऑक्टोबरअखेर तो सूर्याजवळून वळसा घेऊन गेला आणि आता परतीच्या वाटेवर आहे. येत्या १९ तारखेला तो पृथ्वीच्या त्यातल्या त्यात जवळ असेल. हे 'जवळ' म्हणजे सत्तावीस कोटी किलोमीटर, सूर्याच्या जवळजवळ दुप्पट दूर. शिवाय तो पहाटेच्या आकाशात असतो आणि नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. काकांना संध्याकाळी दिसलेला दिवा तो असणे शक्य नाही.

मग दिवा कोणता? तो व्याध, रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. या दिवसांत तो तिन्हीसांजेनंतर पूर्वेच्या डोंगरावरून वर येतो. क्षितिजाजवळ त्याच्या प्रकाशाला हवेच्या जाड थरातून यावे लागते. ती हवा सतत हलत असते आणि प्रकाशाचे रंग सुटे करते. म्हणून तो लाल-हिरवा लुकलुकतो. तो इतका दूर आहे की आज दिसणारा प्रकाश तिथून साडेआठ वर्षांपूर्वी निघाला. एवढ्या अंतरावरून कोणी शेळ्यांचा माग काढत नाही.

मला वाटते, एवढ्याने शंका फिटेल. काकांना नमस्कार सांग, आणि माझ्यावरची माया अशीच असू दे.
तुझी,
यास्ना


लास ब्रेआस
१५ डिसेंबर २०२५

चि. यास्ना हिस आशीर्वाद. वि. वि.

बाई ग, शंका फिटली नाही, तिला पिल्लं झाली. 'साडेआठ वर्षांपूर्वी' इथवर मी वाचलं आणि तुझे काका ताडकन उठले. त्यांचा हिशेब असा की, दिव्याचा उजेड साडेआठ वर्षांपूर्वी निघाला असेल, तर दिवा धरणारा तेव्हापासून स्वस्थ बसला आहे की काय? एव्हाना तो कुठवर आला असेल? मी तासभर विचार केला. आता अंगणात जायला मीसुद्धा कचरते.

सत्तावीस कोटींचंही तेच. ते म्हणाले, जो परक्या सूर्याकडून इथवर आला, त्याला सत्तावीस कोटी म्हणजे कुंपणापर्यंतचीच वाट. तुझ्या आकड्यांनी तो पाहुणा आणखी जवळ आणून ठेवला.

शिवाय दुकानातून नवी बातमी आली आहे की पाहुण्याचं वागणं शास्त्रज्ञांनाच कळत नाही. खरं का? काका म्हणतात, यास्नाला विचार, तुम्हालाच कळत नाही तर मला 'घाबरू नका' असं कशाच्या जोरावर सांगतेस?

शेळ्यांच्या बरगड्या दिसू लागल्या. दूध आटलं. काल मी चाबूक घेऊन एकटीच निघाले, पण शेळ्या तुझ्या काकांच्या शिट्टीखेरीज कुणाचं ऐकत नाहीत. कोपाओ निवडुंगाच्या वळणापर्यंत जाऊन सगळ्या माझ्याआधी घरी परतल्या. रेमिहिओने आपल्या खेचराला नवे नाल ठोकून घेतले आहेत. काहीतरी कर, आकडे न घालता.

रागावले नाही, पण लवकर लिही.
मावशी


विकून्या
१८ डिसेंबर २०२५

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

चूक माझी. पर्यटकांना आकडे सांगितले की ते वा वा करतात, म्हणून मला वाटले की त्यांना समजते. आता मी आकडा लिहिणार नाही.

काकांचा प्रश्न रास्त आहे, म्हणून खरे तेच लिहिते. या पाहुण्याने आम्हालाही बुचकळ्यात टाकले आहे. धूमकेतूची शेपटी सूर्याच्या विरुद्ध दिशेला असते; याची धूळ सुरुवातीला सूर्याच्याच दिशेने उडताना दिसली, जणू पाहुणा उलट्या पावलांनी दारात आला. त्याच्या वायूत पाणी कमी आणि कार्बन डायऑक्साइड फार. निकेल सापडले, पण नेहमी सोबत असणारे लोखंड आधी दिसेना. आमच्या वरिष्ठ बाई म्हणतात, पाहुण्याच्या घरची चूल आपण पाहिलेली नाही, तर त्याच्या डब्याचे नवल कशाला करायचे? तो कशाचा बनला याबद्दल गोंधळ आहे. तो कोठे आहे याबद्दल मात्र मुळीच नाही.

आता दिवा मागे का लागतो ते पाहू. काकांना म्हणावे, संध्याकाळी वाटेने चालताना तीन गोष्टींकडे पाहा. कडेचे निवडुंग चार पावलांत मागे पडते. पलीकडच्या उतारावरची झोपडी हळूहळू मागे सरते. पण बर्फाचे शिखर? ते घरापासून कुरणाच्या वाटेपर्यंत बरोबरच येते. शिखराला चालता येत नाही. ते दूर असते, एवढेच. जितकी वस्तू दूर, तितकी ती आपल्या चालण्याने कमी सरकते, आणि जी मुळीच सरकत नाही ती सोबत येतेय असे वाटते. चंद्राचे तेच, व्याधाचेही तेच. मागे लागणे ही दूर असल्याची खूण आहे. जवळची वस्तू मागे लागत नाही, मावशी, ती मागे पडते.

हे काकांना पटेल का, मला ठाऊक नाही. मीच आता गोंधळले आहे. पण एकदा चालून पाहा म्हणावे.

काळजीत असलेली, तरी तुझीच,
यास्ना


उन्हाळी कुरण
२८ डिसेंबर २०२५

चि. यास्ना हिस मावशीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

वरचा पत्ता पाहिलास ना? आता पुढचं ऐक.

नाताळला दोन दिवस उरले होते. तुझं पत्र दोनदा वाचल्यावर काका अंगणातून वाटेपर्यंत गेले आणि पांढरेफटक होऊन परत आले. म्हणाले, शिखरसुद्धा मागे लागलंय! मी कपाळावर हात मारला. मग विचारलं, ते शिखर लग्नाच्या दिवसापासून तुमच्यामागे आहे, त्याने आजवर किती शेळ्या खाल्ल्या? त्यांनी शिखराकडे एकदा नीट पाहून घेतलं. आणि अंधार पडल्यावर मला बरोबर घेऊन पुन्हा वाटेला लागले.

व्याध कड्यावर होताच, आपला लुकलुकत. पण त्याच्याखाली उतारावर आणखी एक दिवा होता, बारीक आणि पिवळा. काका थांबले. चालले. पुन्हा थांबले. आणि माझा दंड धरून म्हणाले, उबेर्लिंदा, वरचा सोबत येतोय, पण हा खालचा मागे पडतोय. तो झोपडीपुढून सरकला ग! मी म्हटलं, म्हणजे जवळचा. ते म्हणाले, जवळचा, आणि आपण थांबलो तरी वर चढणारा. या वाटेने या दिवसांत वर कोण चढेल?

आम्ही दोघांनी एकदमच नाव घेतलं. रेमिहिओ! डोक्याला विजेरी बांधून, नव्या नालांच्या खेचरावर, कळप घेऊन चालला होता आमच्या वाट्यावर बसायला.

त्यानंतर तुझ्या काकांना ना पाहुणा आठवला ना यान. त्यांनी अशी शिट्टी घातली की शेळ्या कुंपणावरून उड्या मारून आल्या. रेमिहिओ गाडीवाट धरून वळसा घालत होता. काकांनी ओढ्याची चढण धरली. तो कुरणावर पोहोचला तेव्हा आम्ही चुलीसाठी दगड मांडत होतो. काकांनी त्याला चहा दिला, कारण वाटेवर तो आम्हालाच आधी दिसला होता. त्याने काकांच्या तब्येतीची चौकशी मात्र केली नाही.

शेळ्या चरताहेत. पुढच्या महिन्यात चीज पाठवीन. पाहुण्याला लोखंड सापडलं की कळव. काकांना उगाचच काळजी लागून राहिली आहे.

आणि त्यांनी निरोप दिला आहे की, तुझ्या पर्यटकांना आकडे सांगू नकोस, त्यांच्याकडून हे करून घे. हात लांब करून अंगठा उभा धरायचा. एक डोळा मिटून पाहायचं, मग तो उघडून दुसरा मिटायचा. अंगठा टुणकन बाजूला उडी मारतो. मग असंच डोळे बदलत अंगणातल्या खांबाकडे पाहायचं. तो मागच्या भिंतीपुढे जरासाच सरकतो. मग ताऱ्याकडे. तो जागचा हलत नाही. काका म्हणतात, जे उडी मारतं त्याच्यावर नजर ठेवा. तू आज संध्याकाळी करून बघ.

तुझी मावशी,
उबेर्लिंदा